वाट पाहणाऱ्या पानाची कुळकथा

मंडळाच्या गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं संकेतस्थळावर मिळत होती. त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांचा मला फोन आला. "अरे, ते गोल चक्र मघापासून फिरतंय. आत नक्की चाललंय काय? मी काही करू, की नुसता बसून राहू?" मी म्हटलं, "काका, नुसते बसा. तुमची मागणी तिकडे गेली आहे, उत्तर यायचं आहे." त्यावर ते म्हणाले, "हात्तिच्या, म्हणजे ट्रंक कॉलच की!"

फोन ठेवल्यावर मनात आलं, जी गोष्ट समजावून सांगायला मी अर्धा तास घेतला असता ती काकांनी एका शब्दात उरकली. आमच्या धंद्यात तिला 'असिंक्रोनस' असं जड नाव आहे. मागणी आत्ता करायची, उत्तर येईल तेव्हा येईल, आणि मधल्या काळात आपलं काम थांबू द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला सोपं वाटतं. पण ब्राउझरमधल्या पानांना हे नीट जमायला वीसेक वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांतली काही माझ्याही नोकरीची होती. म्हणून ही कुळकथा सांगायचा उद्योग.

आमच्या तरुण सभासदांसाठी आधी ट्रंक कॉलविषयी थोडं. आमच्या गावात एसटीडी येण्यापूर्वी मुंबईला बोलायचं तर एक्स्चेंजला फोन करून नंबर नोंदवायचा. 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लाइटनिंग' असे तीन दर्जे असत. लाइटनिंगचा दर ऐकून आजोबा हात जोडत. नंबर नोंदवला की रिसीव्हर खाली ठेवायचा. मग आजी तांदूळ निवडायला बसे, आम्ही गृहपाठ करायचो, आणि तासाने, दोन तासांनी घंटा वाजली की सगळे धावत. यातली मेख रिसीव्हर खाली ठेवण्यात आहे. तो कानाला लावून कोणी बसून राहिलं असतं तर घरातलं एक माणूस अडकलं असतं आणि लाइन गुंतल्यामुळे मुंबईचा कॉल लागूही शकला नसता.

वेबच्या पानाची अवस्था अशाच एकफोनी घरासारखी असते. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी पानांमध्ये लिहायच्या भाषेचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत उभा केला. आधी तिचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि वर्ष संपता संपता जावास्क्रिप्ट. घाईत झालेल्या या भाषेवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि त्यातली बरीचशी योग्यही होती. पण एक निर्णय मात्र टिकून राहिला: पानाचा प्रोग्रॅम चालवायला गडी एकच. बटण दाबल्याची दखल तोच घेणार, हिशेब तोच करणार, आणि त्याचं हातातलं काम संपेपर्यंत पडद्यावर नवं चित्रही उमटणार नाही. कामांची रांग लागते, तो एकेक काम उचलतो आणि पुरं करूनच पुढचं घेतो. दोन गडी एकाच वेळी एकाच पानात हात घालू लागले असते तर त्यांची भांडणं सोडवण्यातच नवशिक्या प्रोग्रॅमरचा जन्म गेला असता. मला हा निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो. त्याची किंमत एवढीच, की तो गडी कशाची तरी वाट पाहत उभा राहिला तर सगळं पान गोठतं.

सुरुवातीला ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण पानाला स्वतःहून काही मागवताच येत नव्हतं. नवी माहिती हवी असेल तर अख्खं पान पुन्हा आणायचं, पडदा पांढरा व्हायचा आणि मोडेमच्या चालीने सगळं पहिल्यापासून उतरायचं. हुशार लोकांनी पळवाट काढली. पानात न दिसणारी एक चौकट ठेवायची, तिच्यात दुसरं पान उतरवून घ्यायचं आणि त्यातला मजकूर मुख्य पानात ओढायचा. मागच्या दाराने सामान आणण्यातलाच हा प्रकार. चाले, पण कोणी त्याची फुशारकी मारत नसे.

पुढचं दार उघडलं ते एका ईमेलच्या प्रोग्रॅममुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्स्चेंज २००० या सर्व्हरसाठी आउटलुकची वेबवरची आवृत्ती तयार होत होती. पत्रांची यादी दर वेळी पूर्ण पान न बदलता ताजी करता आली तर हवी होती. त्या गटातल्या अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी एक छोटा घटक लिहिला: पानातल्या स्क्रिप्टने सर्व्हरकडे गुपचूप मागणी करायची आणि उत्तर पानातच घ्यायचं. पण तो लोकांपर्यंत पोचवायचा कसा? इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती बाहेर पडायच्या बेतात होती आणि तिच्यासोबत एक्स-एम-एलची लायब्ररी जाणारच होती. त्या गाडीत शेवटच्या क्षणी याला बसवून दिलं. तिकिटावर नाव चढलं 'एक्स-एम-एल-एच-टी-टी-पी', आणि मार्च १९९९ मध्ये तो जगात आला. एक्स-एम-एलशी त्याचं नातं जवळजवळ एवढंच. पुढे त्यातून वाहिलेली माहिती बहुतांशी डग्लस क्रॉकफर्ड यांच्या सुटसुटीत जेसन पद्धतीची, पण नावातलं एक्स-एम-एल काही निघालं नाही. आपल्याकडे गल्लीला बंद पडलेल्या टॉकीजचं नाव चिकटून राहतं, तसं. मोझिलाने हीच सोय आपल्याकडे घेतली, आणि जून २००२ च्या मोझिला १.० पर्यंत ती वापरण्याजोगी झाली.

या घटकाला मागणी सांगताना तिसऱ्या जागी एक शब्द लिहिता येत असे: 'ट्रू' किंवा 'फॉल्स'. 'ट्रू' म्हणजे नंबर नोंदवून रिसीव्हर खाली ठेवणं. उत्तर आलं की काय करायचं ते आधीच लिहून द्यायचं. त्या लिहून दिलेल्या सूचनेलाच आम्ही 'कॉलबॅक' म्हणतो. 'फॉल्स' म्हणजे रिसीव्हर कानाला लावून बसणं. 'फॉल्स' लिहिलं की प्रोग्रॅम वरून खाली सरळ वाचता येई, म्हणून पुष्कळांनी तेच लिहिलं. ऑफिसातल्या वेगवान नेटवर्कवर फरकही कळत नसे. गिऱ्हाइकाच्या संथ लाइनवर मात्र पान दगडासारखं बसे आणि तो बिचारा संगणक बिघडला असं समजून तो बंद करी. ब्राउझर तो 'फॉल्स' आजही चालवतात, पण प्रोग्रॅमरला डोळे वटारून.

२००४ च्या एप्रिलमध्ये जीमेल आलं, डिसेंबरात गूगलची शोधाच्या सूचना देणारी पेटी आली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये नकाशे. नकाशा बोटाने ढकलावा आणि पुढचा प्रदेश आपोआप येऊन जुळावा, हे पाहून आम्ही संशोधन विद्यार्थी रात्री प्रयोगशाळेत आपापल्या गावाचं धरण शोधत बसलो होतो. त्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, जेसी जेम्स गॅरेट या सल्लागाराने एका लेखात या सगळ्या पद्धतीला 'एजॅक्स' असं नाव दिलं. गिऱ्हाइकांशी बोलताना चार लांबलचक नावं एका दमात घ्यावी लागत, म्हणून एक आखूड नाव. तंत्र सहा वर्षांचं होतं, पण बारसं झाल्यावरच लोक त्याला ओळखू लागले. पुढच्या वर्षी जॉन रेसिगची जेक्वेरी आली आणि ब्राउझरागणिक वेगळे असणारे नखरे तिने एका ओळीत झाकले. सर्व्हरकडून माहिती मागवणं कोणालाही जमू लागलं.

त्या 'कोणालाही'मध्ये मीही होतो.

२००८ साली माझी डॉक्टरेट झाली. विषय होता नियंत्रण यंत्रणांमधला विलंब: झडप फिरवल्यापासून तापमान बदलेपर्यंत जो वेळ जातो, त्याने यंत्रणा कशी बिथरते, वगैरे. चार वर्षं विलंबाची समीकरणं मांडून मी एका कंपनीत रुजू झालो. आम्ही रुग्णालयांसाठी प्रयोगशाळेचे अहवाल दाखवणारी पानं बनवत होतो. डावीकडे रुग्णांची यादी, उजवीकडे निवडलेल्या रुग्णाचा अहवाल. नावावर टिचकी मारली की वर मोठ्या अक्षरात नाव लगेच बदले आणि अहवालाची मागणी सर्व्हरकडे जाई. उत्तर आलं की खालचा तक्ता भरे. हे पान मी लिहिलं होतं, आणि मला ते आवडत असे.

२००९ मध्ये एका रुग्णालयातून तक्रार आली. एका परिचारिकेला वयस्कर बाईंच्या नावाखाली प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा दिसला होता. ती आधी हसली, आणि मग हसायची थांबली. तक्त्यातला पोटॅशियमचा आकडाही त्या बाईंचा नव्हता, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा होता. तिने पान पुन्हा उघडलं तर सगळं बरोबर. त्या बाईंना त्यातून काही अपाय झाला नाही, कारण ती जागरूक होती. दोघेही पुरुष असते तर कोणाच्या लक्षात आलं असतं?

आम्ही नऊ दिवस शोधत होतो. सर्व्हरची नोंदवही स्वच्छ. प्रत्येक मागणीला नेमकं तिचंच उत्तर दिलेलं. डेटाबेस निर्दोष. ऑफिसात मी हजार वेळा टिचक्या मारल्या, एकदाही चूक दिसली नाही. दहाव्या दिवशी आमच्या चाचणी विभागातल्या एका मुलीने सहज विचारलं, "त्या गृहस्थांचा अहवाल केवढा आहे?" तो अनेक वर्षांचा, लांबच लांब होता, उतरायला चारपाच सेकंद लागत. परिचारिकेने आधी त्यांच्या नावावर टिचकी मारली, मग लगेच बाईंच्या. बाईंचा अहवाल छोटा, तो आधी आला आणि दिसला. नंतर मागाहून गृहस्थांचा आला, आणि माझ्या प्रोग्रॅमने इमानेइतबारे तो तक्त्यात भरला. वरचं नाव बाईंचंच राहिलं. दोन्ही उत्तरं खरी होती, फक्त ज्या क्रमाने मागितली त्या क्रमाने आली नव्हती. आणि ती त्याच क्रमाने येतील असं मला कोणी सांगितलंही नव्हतं. मीच गृहीत धरलं होतं. विलंबात डॉक्टरेट केलेल्या माणसाने!

आमच्या घरात ही चूक एकदा होऊन गेलेली होती, आणि दुरुस्तही झालेली होती. माझे थोरले काका १९७० च्या दशकात अमेरिकेत आले. आजोबा दर आठवड्याला एरोग्राम लिहीत. एकदा 'तुझी आई अंगणात पुन्हा हिंडू-फिरू लागली, काळजी नसावी' असं पत्र आधी पोचलं. काकांना कळेना, कसली काळजी. चार दिवसांनी त्याच्या आधी टाकलेलं पत्र आलं: 'आई विहिरीपाशी पडली, पाय मोडला आहे.' काकांनी हे दुसरं पत्र ताजं समजलं. आई पुन्हा पडली या समजुतीने त्यांनी विमानाचे पैसे उसने मागायला सुरुवात केली. तारीख होती पत्रावर, पण घाबरलेला माणूस तारीख वाचत नाही. तेव्हापासून आजोबा प्रत्येक पत्राच्या माथ्यावर लाल शाईने ठळक क्रमांक घालू लागले, आणि काकांना सक्त ताकीद होती: हातातल्या पत्राचा क्रमांक मागच्यापेक्षा लहान असेल तर त्यातल्या बातमीवर काहीएक करायचं नाही.

मी पानात तीन ओळी वाढवल्या. प्रत्येक मागणीला क्रमांक, सर्वांत ताजा क्रमांक जवळ टिपून ठेवायचा, आणि आलेल्या उत्तराचा क्रमांक त्याच्याशी जुळला नाही तर ते टाकून द्यायचं. शिवाय वरचं नावही उत्तर आल्यावर, त्या उत्तरातलंच लिहायचं. आजोबांना जाऊन तोवर बारा वर्षं झाली होती.

त्यानंतर मी या विषयात जरा जुनं वाचू लागलो आणि थक्क झालो. १९८८ साली, म्हणजे जावास्क्रिप्टच्या सात वर्षं आधी, एमआयटीच्या बार्बरा लिस्कॉव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी 'प्रॉमिस' या कल्पनेवर एक निबंध वाचला होता. शब्द त्याहूनही जुना. फ्रीडमन आणि वाइज यांनी तो १९७६ मध्येच वापरला होता. कल्पना समजायला बँकेतलं पितळी टोकन आठवा. खिडकीवर चेक दिला की कारकून टोकन देई. टोकन म्हणजे पैसे नव्हेत, पण पैशावरचा हक्क त्यात असे. ते खिशात ठेवून बाकड्यावर वर्तमानपत्र वाचता येई, बायकोच्या हाती देता येई. नंबर पुकारला की एक तर पैसे मिळत, नाहीतर 'सही जुळत नाही' असं सांगितलं जाई. दोहोंपैकी एक, आणि एकदाच. लिस्कॉव्हबाईंच्या आर्गस भाषेत टोकन दाखवून आपला माल मागायच्या क्रियेला 'क्लेम' असंच नाव होतं. उत्तराऐवजी अडचण आली तर तीही हरवू न देता मागणाऱ्यापर्यंत पोचवायची, ही काळजी त्या निबंधात मोठी आहे. कॉलबॅकमध्ये नेमकी तीच सोय नव्हती. एक्स्चेंजने परत फोनच केला नाही तर काय, याचं उत्तर ज्याने त्याने आपापलं शोधायचं.

आणि कॉलबॅकचं दुसरं दुखणं लिहिण्यातलं. एका उत्तरावरून दुसरी मागणी, तिच्या उत्तरावरून तिसरी. एकाच्या पोटात दुसरी सूचना घालत गेलं की ओळी उजवीकडे सरकत कागदाबाहेर जात. लोक त्याला 'कॉलबॅक हेल' म्हणू लागले. २००९ साली रायन डाल यांनी जावास्क्रिप्ट सर्व्हरवर नेणारं नोड बनवलं तेव्हा त्यात सुरुवातीला प्रॉमिस होती. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी ती काढून टाकली, हलकंफुलकं राहावं म्हणून. परिणामी नोडवर वाढलेली प्रोग्रॅमरांची पिढी कॉलबॅकवरच पोसली. २०१८ मध्ये बर्लिनच्या व्यासपीठावर डाल यांनी नोडबाबतच्या आपल्या पश्चात्तापांची यादी वाचली, त्यात पहिला हाच. आमच्या क्षेत्रात असं उघडपणे बोलणारे थोडे. मला त्यांचं कौतुक वाटतं.

दरम्यान प्रॉमिस आडवाटेने पानांकडे येतच होती. पायथॉनच्या ट्विस्टेड नावाच्या संचातून बॉब इपोलिटो यांच्या मोचिकिटमध्ये, तिथून डोजोमध्ये, आणि २००९ साली क्रिस झिप यांनी तिचे नियम लिहून काढले. जेक्वेरीने जानेवारी २०११ मध्ये आपली वेगळी चूल मांडली, तिच्यात अडचणीची बातमी वाटेत गळून जाई. मग २०१२ मध्ये काही चिकट लोकांनी एकमताचे नियम आणि ते तपासायच्या कसोट्या तयार केल्या. जून २०१५ च्या भाषेच्या मानकात प्रॉमिस अधिकृतपणे आली. १९८८ ते २०१५. सत्तावीस वर्षं एक चांगली कल्पना ग्रंथालयात पडून होती आणि आम्ही तिच्याविना अहवाल दाखवत होतो. आम्हाला वाचायला वेळ नव्हता, हेच खरं कारण.

२०१७ च्या मानकात 'अवेट' हा शब्द आला. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पमध्ये तो २०१२ पासून होता, आणि त्याची मुळं एफ-शार्पमध्ये त्याच्याही आधीची. मागणीच्या आधी 'अवेट' लिहिलं की प्रोग्रॅम पुन्हा वरून खाली सरळ वाचता येतो, त्या जुन्या 'फॉल्स'सारखाच. फरक इतकाच, की तो एकुलता एक गडी तिथे खोळंबून राहत नाही. या ओळीवर खूण ठेवून तो दुसरी कामं करायला जातो आणि उत्तर आलं की खुणेपासून पुढे सुरू करतो. मला हा शब्द आवडतो, आणि त्याची भीतीही वाटते. कॉलबॅकची उतरंड कुरूप होती, पण इथे वेळ जातो हे ती ओरडून सांगे. 'अवेट'नंतरची ओळ शेजारीच बसलेली दिसते. त्या दोन ओळींच्या मध्ये परिचारिकेने दुसऱ्या नावावर टिचकी मारलेली असू शकते, हे पानावर कुठेच दिसत नाही. माझ्या हाताखालच्या हुशार मुलांच्या प्रोग्रॅममध्ये २००९ ची तीच चूक मला अजून सापडते, फक्त नव्या आणि नीटनेटक्या कपड्यात.

टोकन दिलं खरं, पण ते परत करता येत नव्हतं, हाही घोळ बरीच वर्षं होता. नको झालेली मागणी रद्द करायची सोय जुन्या घटकात होती. २०१५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या 'फेच'मध्ये ती सुरुवातीला नव्हती. भाषेतच रद्द होणारी प्रॉमिस आणायचा प्रस्ताव वादात अडकून डिसेंबर २०१६ मध्ये मागे घेतला गेला. शेवटी २०१७ मध्ये ब्राउझरांनी भाषेबाहेर 'अबॉर्ट कंट्रोलर' दिला. तो दाबला की पान वाट पाहणं सोडून देतं. पण तिकडे सर्व्हरने तोवर काम करून टाकलेलं असलं, तर ते उलटत नाही. बाकड्यावरून उठून घरी आलात म्हणून वठलेला चेक परत येत नाही.

तर काकांची तिकिटं. फोन करण्यापूर्वी त्यांनी ते चक्र फिरताना पाहून पान एकदा बंद केलं होतं, पुन्हा उघडलं होतं आणि बटण पुन्हा दाबलं होतं. दोन तिकिटं हवी होती, चार आली. पैसेही चारांचे गेले. मंडळाच्या खजिनदारांनी ते परत केले आणि कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "दर मागणीला एक क्रमांक घालता येणार नाही का, म्हणजे दुसऱ्यांदा आली तर कळेल?" मी म्हटलं, येईल. या सुट्टीत ते काम करून देतो असं त्यांना कबूल केलं आहे.